नाव तेच, माणूस निराळा: कोकणातल्या नामबंधूंबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मालवणी मुलखात अनोळखी पोर दारात आलं की म्हातारी माणसं त्याला नाव विचारत नाहीत. विचारतात, "कोणाचो रे तू?" नुसत्या नावाने काही उलगडा होणार नाही, एकाच वाडीत तीन सदाशिव आणि चार शांताराम निघतील, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. नामवंतांच्या बाबतीतही कोकणाचं असंच आहे. शाळेतली भाषणं, मंडळाच्या स्मरणिका, जयंतीच्या दिवशी व्हॉट्सॲपवर फिरणारे मजकूर, सगळीकडे एकाचं श्रेय दुसऱ्याच्या खात्यावर पडत असतं. त्यातले नेहमीचे प्रश्न इथे घेतले आहेत. काही माणसं कोकणात जन्मली, काहींचं नुसतं मूळ गाव इथलं, आणि दोन-चार पाहुणे आहेत, कारण त्यांच्याशिवाय घोळ पुरता कळत नाही.

कोकणात एकाच नावाची इतकी माणसं कशी काय?

मोठं कारण म्हणजे आजोबांचं नाव नातवाला ठेवायची रीत. ती पाळली की नावं एक पिढी सोडून फिरत राहतात. कुलाब्याच्या आंग्रे घराण्यात बघा. कान्होजींचे पुत्र मानाजी, मानाजींचे रघुजी, रघुजींचे पुन्हा मानाजी आणि त्यांचे पुन्हा रघुजी. नुसतं 'रघुजी आंग्रे' लिहिलं तर अठराव्या शतकातले की एकोणिसाव्या, हे वाचणाऱ्याने ओळखायचं कसं? श्रीवर्धनच्या भट घराण्यातही तेच. बाळाजी विश्वनाथांचा नातू बाळाजी बाजीराव, आणि थोरल्या बाजीरावांचा नातू दुसरा बाजीराव.

दुसरं कारण स्वयंपाकघरातलं. सून सासऱ्याचं नाव तोंडाने घेत नसे. मुलाला आजोबांचं नाव ठेवलं की त्याच्या आईचीच पंचाईत, हाक मारायची कशी? मग बाळ, नाना, बापू, अण्णा, तात्या ही हाकेची नावं पुढे आली. ती मोजकीच असल्यामुळे कागदावरची नावं वेगळी असूनही हाक मारताना निम्मा गाव सारखाच.

तिसरं कारण गावावरून पडलेलं आडनाव. त्याचा प्रश्न पुढे आहेच.

'बाळ गंगाधर' म्हणजे टिळकच ना?

टिळक आहेतच, पण एकटे नाहीत. बाळ गंगाधर नावाचे तीन थोर पुरुष झाले आणि तिघेही कोकणातले. कोकणाबाहेरच्या माणसाला हे सांगितलं तर त्याला थट्टाच वाटते.

पहिले बाळ गंगाधर जांभेकर, म्हणजे बाळशास्त्री. जन्म १८१२, गाव पोंभुर्ले, आताचा देवगड तालुका. वडील गंगाधरशास्त्री. ६ जानेवारी १८३२ रोजी त्यांनी मुंबईत 'दर्पण' काढलं तेव्हा ते जेमतेम विशीचे होते. मजकूर मराठीतही आणि इंग्रजीतही. मराठीतलं हे पहिलं वर्तमानपत्र, म्हणून ६ जानेवारीला महाराष्ट्रात पत्रकार दिन पाळतात. पुढे ते एल्फिन्स्टनमध्ये शिकवू लागले, १८४० मध्ये 'दिग्दर्शन' हे मासिक काढलं, आणि १८४६ साली, पस्तिशीही पुरी न होता, गेले.

दुसरे बाळ गंगाधर टिळक. जन्म २३ जुलै १८५६, रत्नागिरी शहरात. मूळ गाव दापोली तालुक्यातलं चिखलगाव. वडील गंगाधरपंत शिक्षक. १८८१ च्या जानेवारीत 'मराठा' आणि 'केसरी' सुरू झाले.

तिसरे बाळ गंगाधर खेर, म्हणजे बाळासाहेब खेर. हेही रत्नागिरीचेच, जन्म २४ ऑगस्ट १८८८. पेशाने सॉलिसिटर. १९३७ मध्ये मुंबई प्रांतात काँग्रेसचं मंत्रिमंडळ आलं त्याचे ते प्रमुख. महायुद्धाच्या प्रश्नावर १९३९ मध्ये ते मंत्रिमंडळ बाहेर पडलं. १९४६ ते १९५२ या काळात प्रांताची आणि मग राज्याची सूत्रं पुन्हा त्यांच्याच हाती होती. त्यानंतर ते लंडनला भारताचे उच्चायुक्त झाले. १९५७ साली निधन.

घोळ होतो तो पहिल्या दोघांत, कारण दोघेही संपादक. "मराठी वृत्तपत्रसृष्टीचे जनक बाळ गंगाधर टिळक" हे वाक्य शाळेच्या भाषणांतून इतकं ऐकू येतं की परीक्षकसुद्धा मान डोलावतात. 'दर्पण' निघालं तेव्हा टिळकांच्या जन्माला अजून चोवीस वर्षं होती, एवढा हिशेब पुरे. खेरांच्या वाट्याला वेगळाच अन्याय आला. त्यांना दुसऱ्या कुणाशी घोटाळण्याइतकंही लोक आठवत नाहीत. रत्नागिरीने दोन बाळ गंगाधर दिले, पैकी एकाची आळी पर्यटक शोधत येतात आणि दुसऱ्याचं नाव शहरातल्या शहरात सांगावं लागतं.

टिळकांचं खरं नाव केशव होतं म्हणतात, ते खरं का?

हो. पाळण्यातलं नाव केशव, पणजोबांचं. बाळ हे हाकेचं नाव, तेच कायम राहिलं. त्यामुळे 'केशव गंगाधर टिळक' असं कुठे दिसलं तर ते त्यांचे भाऊ वगैरे नव्हेत.

केशवसुत आणि केशवकुमार एकच का?

नाही, आणि दोघांत एका पिढीचं अंतर आहे. केशवसुत म्हणजे कृष्णाजी केशव दामले. जन्म १८६६, गाव गणपतीपुळ्याजवळचं मालगुंड, निधन १९०५. केशवकुमार हे प्रल्हाद केशव अत्रे यांचं कवितेपुरतं नाव. अत्रे सासवडकडचे, कोकणाशी त्यांचा जन्माचा संबंध नाही. दोघांच्याही वडिलांचं नाव केशव, म्हणून एक सुत आणि एक कुमार.

गंमत अशी की दामल्यांच्या घरात 'केशवसुत' म्हणवून घ्यायचा हक्क आणखी दोघा लिहित्या भावांना होता. मोरो केशव दामले मराठी व्याकरणाचे मोठे अभ्यासक, आणि सीताराम केशव दामले लेखक-पत्रकार. आणि केशवाचे पुत्रच मोजायचे तर धोंडो केशव कर्वेही त्यात येतात. मालगुंडला १९९४ पासून स्मारक आहे ते कवीचं, म्हणजे कृष्णाजींचं.

इतिहासातले 'नाना' नेमके किती?

मोजायला बसू नका. नाना हे वडीलधाऱ्याला मारायची हाक आहे, तिला अंत नाही. परीक्षेत आणि प्रश्नमंजूषेत येणारे नाना मात्र चार, आणि त्यातले पहिले दोन सगळ्यांत जास्त छळतात.

नानासाहेब पेशवे म्हणजे बाळाजी बाजीराव भट. पेशवेपद १७४० ते १७६१. पानिपतचा धक्का यांच्याच काळातला. घराणं मूळचं श्रीवर्धनचं.

नाना फडणवीस म्हणजे बाळाजी जनार्दन भानू. जन्म १७४२, निधन १८००. घराणं मूळचं वेळासचं, बाणकोटच्या खाडीजवळचं, मंडणगड तालुक्यातलं. आता हे गाव कासवांसाठी ओळखलं जातं.

म्हणजे या दोघांचं हाकेचं नाव नाना आणि कागदावरचं नावही बाळाजी. वर दोघेही कोकणातून देशावर गेलेल्या घराण्यांतले आणि दोघेही पुण्याच्या कारभारात. आजोबांच्या नावाची रीत इथेही दिसते, कारण नाना फडणवीसांच्या आजोबांचं नाव बाळाजीच होतं, आणि ते बाळाजी विश्वनाथांच्या बरोबरीने वावरलेले. ओळखायची खूण वडिलांच्या नावात आहे. बाजीराव आलं की पेशवे, जनार्दन आलं की फडणवीस.

तिसरे १८५७ चे नानासाहेब. नाव धोंडोपंत, दुसऱ्या बाजीरावांचे दत्तकपुत्र. हे कानपूर-बिठूरचे, पण घराणं तेच श्रीवर्धनचं. चौथे नाना शंकरशेट, म्हणजे जगन्नाथ शंकरशेट, मूळचे मुरबाडचे. मुंबईतल्या शाळा, कॉलेजं आणि पहिली आगगाडी यांच्या उभारणीत त्यांचा वाटा होता. निधन १८६५. मुरबाड समुद्रापासून आत आहे हे मान्य, पण ठाणे जिल्हा उत्तर कोकणात धरतात.

गोपाळ कृष्ण हे जोडनाव आहे का, रामकृष्णासारखं?

नाही. गोपाळ हे स्वतःचं नाव, कृष्ण वडिलांचं. मराठी माणसाला हे सांगावं लागत नाही, पण परप्रांतात गोखल्यांचं नाव 'गोपालकृष्ण' असं एकत्र लिहिलेलं सर्रास दिसतं. गोखल्यांचा जन्म ९ मे १८६६, गुहागर तालुक्यातल्या कोतळूकचा. त्यांनी १९०५ साली भारत सेवक समाज स्थापला, आणि त्यात त्यांच्या हाताखाली दाखल झालेल्या पहिल्या मंडळींत एक होते गोपाळ कृष्ण देवधर. एकाच संस्थेत दोन गोपाळ कृष्ण! देवधरांचं मोठं काम स्त्रीशिक्षणाचं आणि सहकारी चळवळीचं. पुण्याची सेवासदन संस्था त्यांनी रमाबाई रानड्यांबरोबर उभी केली.

कुठल्या रमाबाई?

मार्चमध्ये महिला दिन आला की हा प्रश्न हमखास येतो, कारण एकीचा फोटो, दुसरीचं कार्य आणि तिसरीची जन्मतारीख असा खिचडी मजकूर फिरू लागतो.

पंडिता रमाबाई या डोंगरे घराण्यातल्या संस्कृत विदुषी, १८५८ ते १९२२. विधवांसाठी शारदासदन त्यांनी १८८९ मध्ये मुंबईत काढलं, पुढे केडगावला मुक्तिसदन. ख्रिस्ती धर्म त्यांनीच स्वीकारला, रानड्यांच्या रमाबाईंनी नव्हे. रमाबाई रानडे या न्यायमूर्ती महादेव गोविंद रानड्यांच्या पत्नी, सेवासदनच्या कर्त्या.

रमाबाई आंबेडकर, म्हणजे रमाई, या तिघींत खऱ्या कोकणच्या. माहेर दापोलीजवळचं वणंद. १९०६ मध्ये बाबासाहेबांशी लग्न झालं तेव्हा दोघंही मुलंच होती. पती परदेशी शिकत असताना मुंबईत संसार त्यांनी एकटीने ओढला आणि पोटची मुलं डोळ्यांदेखत गमावली. २७ मे १९३५ रोजी त्या गेल्या. घाटकोपरचं रमाबाई नगर यांच्याच नावाचं. पहिल्या दोघींनी संस्था काढल्या, लेखन केलं, त्यामुळे त्यांच्यावर कागद भरपूर. रमाईंबद्दल लिहिताना लोक हाताशी असलेलं पंडिता रमाबाईंचं काहीतरी डकवतात, हे जास्त खटकतं. वणंदची वाट दापोलीपासून लांब नाही. लिहिणाऱ्याने एकदा जाऊन यावं.

पेशवाईतल्या रमाबाई, थोरल्या माधवरावांच्या पत्नी, या चौथ्या. थेऊरला १७७२ मध्ये सती गेल्या. त्यांचा घोळ सहसा होत नाही.

चिंतामणराव देशमुख आणि चिं. त्र्यं. खानोलकर यांच्यात नावापलीकडे काही समान?

वरवर पाहिलं तर काहीच नाही. चिंतामण द्वारकानाथ देशमुख १८९६ मध्ये महाडजवळच्या नाते गावी जन्मले. आय.सी.एस. झाले, १९४३ मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले, १९५० मध्ये देशाचे अर्थमंत्री. मुंबईच्या प्रश्नावर १९५६ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. संयुक्त महाराष्ट्राच्या काळातल्या माणसांना त्यांचं नाव मुख्यतः त्यासाठी आठवतं.

चिंतामण त्र्यंबक खानोलकर १९३० मध्ये वेंगुर्ल्याकडे जन्मले. कुडाळला घरची खानावळ चालवत कविता लिहिल्या. मग मुंबई, कथा, कादंबऱ्या, नाटकं. १९७६ मध्ये, शेहेचाळिसाव्या वर्षी, निधन.

एका चिंतामणाची सही नोटेवर होती आणि दुसऱ्याला महिनाअखेर नोट दिसायची मारामार. तरी एक धागा आहे. देशमुख संस्कृत काव्याचे रसिक होते आणि कालिदासाचा त्यांनी मराठीत अनुवाद केला. म्हणजे दोघेही कवितेच्या नादातले.

आरती प्रभू कोण होत्या?

होत्या नव्हे, होते. वरचेच चिं. त्र्यं. खानोलकर. कवितेसाठी त्यांनी घेतलेलं हे टोपणनाव. कवयित्रींच्या यादीत त्यांचं नाव घालणारी स्मरणिका अजूनही अधूनमधून निघते.

सगळे खानोलकर एकाच घरातले का?

गाव एक म्हणता येईल, घर एक नाही. वेंगुर्ल्याजवळ खानोली आहे, त्यावरून खानोलकर. या एका आडनावात माणसांचा जो विस्तार आहे तसा दुसरीकडे क्वचित सापडेल.

कवी-नाटककार वर आलेच. डॉ. वसंत रामजी खानोलकर हे रोगनिदानशास्त्रातलं फार मोठं नाव. कर्करोगाच्या संशोधनाचा भारतात पाया घालणाऱ्यांपैकी एक. गंगाधर देवराव खानोलकर चरित्रकार आणि मराठी लेखकांच्या चरित्रकोशाचे कर्ते.

आणि सावित्री खानोलकर. यांची गोष्ट ऐकून माणसं थक्क होतात. जन्म १९१३, स्वित्झर्लंडमध्ये. लष्करी अधिकारी विक्रम खानोलकर यांच्याशी लग्न करून त्या भारतात आल्या. इथली भाषा, पुराणं, चित्रकला असं सगळं मनापासून शिकल्या, आणि स्वतंत्र भारताच्या परमवीरचक्राची आकृती त्यांच्या हातून उतरली. दधीचीच्या अस्थींपासून घडलेलं इंद्राचं वज्र त्या पदकावर आहे. पहिलं परमवीरचक्र मेजर सोमनाथ शर्मांना मरणोत्तर मिळालं. त्यांच्या धाकट्या भावाला सावित्रीबाईंची मुलगी दिलेली होती. एवढं सगळं घडूनही वेंगुर्ल्याच्या बाजारात खानोलकर म्हटलं की अजून पहिल्यांदा कवीच आठवतो, आणि मला त्यात काही वावगं वाटत नाही.

वि. दा. आणि विंदा यांत फरक काय?

वि. दा. म्हणजे विनायक दामोदर सावरकर. जन्म भगूरचा, नाशिककडचा. रत्नागिरीत १९२४ ते १९३७ स्थानबद्ध होते, म्हणून या यादीत. पतितपावन मंदिर १९३१ चं.

विंदा म्हणजे गोविंद विनायक करंदीकर. जन्म १९१८, देवगड तालुक्यातलं धालवली. कवी, ज्ञानपीठाचे मानकरी. इथे विनायक हे वडिलांचं नाव.

आता पुढचा घोळ. 'कवी विनायक' म्हणून जे प्रसिद्ध आहेत ते विनायक जनार्दन करंदीकर, ऐतिहासिक विषयांवर लिहिणारे. विंदांच्या वडिलांचं नाव विनायक, आडनाव करंदीकर, त्यामुळे "कवीचा मुलगा कवी" अशी गोड समजूत पसरलेली आहे. कवी विनायक १९०९ मध्ये गेले आणि विंदा जन्मले १९१८ ला. समजूत इथेच संपते.

विनायक भावेही दोन आहेत. विनायक नरहरी भावे हे पेण तालुक्यातल्या गागोद्याचे. गांधीजींच्या आश्रमात गेले आणि विनोबा झाले. विनायक लक्ष्मण भावे ठाण्याचे, १८७१ ते १९२६. व्यवसाय मिठाचा आणि ध्यास जुन्या मराठी पोथ्यांचा. मराठी वाङ्मयाचा इतिहास लिहिला, आणि ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ मध्ये उभं राहिलं ते त्यांच्या खटपटीने. जुन्या वाङ्मयावरच्या लेखात 'वि. ल. भावे' दिसलं आणि विनोबांना एवढा वेळ कधी मिळाला असा प्रश्न पडला, तर उत्तर हे आहे.

रँग्लर परांजपे आणि काळकर्ते परांजपे?

जुन्या लोकांनी बिरुदं लावून ठेवली म्हणून यांची ओळख टिकली. शिवराम महादेव परांजपे महाडचे, जन्म १८६४. १८९८ मध्ये 'काळ' साप्ताहिक काढलं. त्यांच्या वक्रोक्तीचा सरकारने धसका घेतला आणि राजद्रोहाखाली शिक्षाही केली. रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे दापोली तालुक्यातल्या मुर्डीचे, जन्म १८७६. केंब्रिजला १८९९ मध्ये सीनियर रँग्लर, म्हणजे गणिताच्या परीक्षेत सगळ्यांत वरचे, होणारे पहिले भारतीय. फर्ग्युसनचे प्राचार्य. पिंडाने नेमस्त आणि कट्टर बुद्धिवादी. एक जहाल, एक मवाळ, त्यामुळे एकाची मतं दुसऱ्याच्या तोंडी घातली की फार विनोदी दिसतं. दिग्दर्शिका सई परांजपे रँग्लरांची नात.

रघुनाथ हे नावही तिथे जोडीने येतं. महर्षी कर्व्यांचे थोरले चिरंजीव रघुनाथ धोंडो कर्वे, 'समाजस्वास्थ्य'चे संपादक, तेही गणिताचेच प्राध्यापक आणि रँग्लरांच्या नात्यातले. र. पु. आणि र. धों. अशी आद्याक्षरं नीट वाचावीत.

दापोली तालुक्यात दोन पांडुरंग?

साने गुरुजी, म्हणजे पांडुरंग सदाशिव साने, पालगडचे, जन्म १८९९. महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे यांचा जन्म १८८० चा, चिपळूणजवळच्या परशुरामचा, पण त्यांचं बालपण आणि शाळा दापोलीची. एका पांडुरंगाने पंढरपूरचं मंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून १९४७ मध्ये प्राणांतिक उपोषण केलं. दुसऱ्याने धर्मशास्त्राचा इतिहास खंडामागून खंड लिहिला आणि १९६३ मध्ये भारतरत्न मिळवलं.

महर्षी कर्वे मुरुड-जंजिऱ्याचे का?

नाही. कर्व्यांचं मुरुड दापोली तालुक्यातलं, हर्णैजवळचं. जंजिरा किल्ल्याशेजारचं मुरुड रायगड जिल्ह्यात आहे. किनाऱ्यावर दोन मुरुड, आणि पर्यटक एका मुरुडात उतरून दुसऱ्याचा किल्ला शोधतात तसा हा प्रकार. कायदेपंडित रावसाहेब विश्वनाथ नारायण मंडलिकही दापोलीच्या मुरुडचे, आणि अभिनेते नाना पाटेकर जंजिऱ्याच्या मुरुडचे. नाना पाटेकरांचं कागदावरचं नाव विश्वनाथ. म्हणजे दोन मुरुड, दोन विश्वनाथ, आणि वर आणखी एक नाना.

सचिन आणि विजय तेंडुलकर यांचं नातं काय?

जवळचं काहीच नाही. कुडाळ तालुक्यात तेंडोली आहे, आडनाव त्या गावावरून. नाटककार विजय तेंडुलकर आणि व्यंगचित्रकार मंगेश तेंडुलकर हे सख्खे भाऊ, अभिनेत्री प्रिया तेंडुलकर विजयरावांची मुलगी. सचिनचे वडील रमेश तेंडुलकर मराठीचे प्राध्यापक आणि कवी. गांधीजींचं आठ खंडांचं चरित्र लिहिणारे दीनानाथ गोपाळ तेंडुलकर आणखी वेगळे. आणि सचिन हे नाव आजोबांचं नाही. संगीतकार सचिन देव बर्मन यांच्यावरून ते ठेवलं गेलं. जुनी रीत मोडल्याचा हा चांगला दाखला. रमाकांत आचरेकर सरांचं आडनावही असंच, मालवणजवळच्या आचऱ्यावरून.

'कर' लागलं की अमुक जात असं समजू नये. गाव सगळ्यांचं असतं. कोकणी मुसलमानांतही गावावरून पडलेली आडनावं पुष्कळ आहेत.

आंबेडकर हे आडनावही गावावरूनच?

अर्धं हो. मूळ गाव मंडणगड तालुक्यातलं आंबडवे, घराण्याचं आडनाव सकपाळ, आणि शाळेत गावावरून आंबावडेकर लागलेलं. बाबासाहेबांनी स्वतः सांगितलेल्या आठवणीनुसार आंबेडकर आडनावाच्या एका शिक्षकांनी आपलं आडनाव त्यांच्या नावापुढे लावलं. त्या शिक्षकांच्या कुटुंबाशी त्यांचं रक्ताचं नातं नाही.

जुन्या पुस्तकात पोंभुर्ले रत्नागिरी जिल्ह्यात लिहिलंय. ते पोंभुर्ले वेगळं का?

तेच. सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ मध्ये वेगळा झाला. त्याआधीच्या छापील मजकुरात देवगड, मालवण, वेंगुर्ला सगळं रत्नागिरीतच. रायगडचंही तसंच, तोपर्यंत नाव कुलाबा होतं. जिल्हा जुळत नाही एवढ्यावरून एका माणसाचे दोन करू नका. तालुका आणि गाव बघा.

मधू दंडवते आणि मधू लिमये?

दोघेही समाजवादी, दोघेही गोवामुक्तीच्या लढ्यात, दोघेही संसद गाजवणारे. राजापूरचे खासदार ते दंडवते, १९७१ पासून सलग पाच वेळा. जनता सरकारात रेल्वेमंत्री असताना दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर गादी आली ती त्यांच्यामुळे. रात्रभर बसून गावी जाणारा चाकरमानी ते विसरलेला नाही. मधू लिमये पुण्याचे, पण लोकसभेवर गेले बिहारमधून. कोकण रेल्वेचं श्रेय दंडवत्यांकडे जातं, ते लिमयांना देऊ नये. मधु मंगेश कर्णिक हे लेखक, करूळचे, राजकारणाशी संबंध नाही.

हुसेन दलवाई एकच की दोन?

दोन, दोघेही काँग्रेसचे आणि दोघेही चिपळूण-खेड पट्ट्यातले, त्यामुळे वर्तमानपत्रांतही गोंधळ उडालेला आहे. थोरले हुसेन दलवाई १९८४ मध्ये रत्नागिरीतून लोकसभेवर गेले. २०२२ मध्ये, नव्वदी उलटून गेल्यावर, त्यांचं निधन झालं. तेव्हा श्रद्धांजलीच्या मजकुरावर दुसऱ्यांचा फोटो लागलेला लोकांनी पाहिला. दुसरे राज्यसभेचे माजी सदस्य, मुस्लिम सत्यशोधक मंडळाचे संस्थापक हमीद दलवाई यांचे धाकटे भाऊ. हमीदभाई मिरजोळीचे, जन्म १९३२, निधन १९७७.

स्मरणिका छापायला द्यायची आहे. घाईत काय तपासू?

आधी वडिलांचं नाव. वरचे निम्मे घोळ तेवढ्यानेच सुटतात. 'बी. जी.', 'व्ही. डी.' अशी इंग्रजी आद्याक्षरं लावू नका, मराठीत पूर्ण नाव लिहा. मग गाव, तालुक्यासकट. मग जन्म-मृत्यूची सालं घेऊन सांगितलेल्या कामाशी ताडून बघा. माणूस जन्मायच्या आधी त्याने वर्तमानपत्र काढलेलं नाही ना, हे पाहायला दोन मिनिटं लागतात. फोटो मात्र नेटवरून नाव टाकून उचलू नका. त्या माणसाच्या गावातल्या वाचनालयात किंवा स्मारकात भिंतीवर लावलेला असतो, तो मागवून घ्या. नाहीच मिळाला तर चौकट रिकामी सोडा. दुसऱ्या रमाबाईंपेक्षा ती बरी.